लंडनच्या धुक्यातला दान्तेभक्त

इंग्रजी कवितेशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना रोसेत्ती हे नाव नवे नाही. ‘गॉब्लिन मार्केट’ लिहिणारी क्रिस्टिना रोसेत्ती आणि तिचा चित्रकार-कवी भाऊ दान्ते गेब्रिअल यांच्या कविता आपल्याकडील शाळा-कॉलेजांतूनही वाचल्या गेल्या आहेत. मात्र या इंग्रज कवींचे आडनाव असे इटालियन कसे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आज ज्याच्याविषयी बोलावयाचे आहे तो या भावंडांचा बाप, गाब्रिएले रोसेत्ती. तो स्वतः कवी होता, पंडित होता, एका राजाचा गुन्हेगार होता, आणि आयुष्याची शेवटची तीस वर्षे लंडनमध्ये इटालियन भाषेचा मास्तर होता. मुलांच्या कीर्तीखाली बापाचे नाव झाकले गेले. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, कारण मुलांची कविता बापाच्या कवितेहून निःसंशय मोठी आहे. परंतु ती मुले ज्या घरात वाढली ते घर कसे उभे राहिले, ही कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

इटलीच्या नकाशात पूर्व किनाऱ्यावर, एड्रिआटिक समुद्राकडे तोंड करून बसलेले वास्तो नावाचे एक गाव आहे. तेथे २८ फेब्रुवारी १७८३ रोजी गाब्रिएलेचा जन्म झाला. बाप लोहार. घरी विद्येची परंपरा नव्हती, पण निसर्गाने या लोहाराच्या मुलांवर विलक्षण कृपा केली होती. गाब्रिएलेचे भाऊही पद्यरचना करीत. त्यांतील एक तर न्हाव्याचा धंदा करून कविता करणारा होता. गाब्रिएलेला आणखी एक देणगी होती ती चित्रकलेची. लेखणीने आणि शाईने तो इतकी बारीक चित्रे काढी की पाहणाऱ्याला ती छापील वाटावीत. ही चुणूक पाहून गावच्या जहागीरदाराने, म्हणजे वास्तोच्या मार्क्विसने, त्याला शिक्षणासाठी नेपल्स शहरी नेले. ही गोष्ट १८०४ च्या सुमाराची. तेव्हा इटली नावाचे एक राष्ट्र अस्तित्वात नव्हते. लहानमोठी राज्ये होती, मधल्या पट्ट्यावर पोपमहाराजांचे ऐहिक राज्य होते, आणि दक्षिणेला नेपल्सचे बोर्बन घराणे होते.

पुढे नेपोलियनच्या फौजा आल्या, बोर्बन राजा सिसिलीला पळाला, आणि नेपल्सच्या गादीवर प्रथम नेपोलियनचा भाऊ जोसेफ व मग मेहुणा म्युरा बसला. या फ्रेंच अमदानीत तरुण रोसेत्तीचे बरे चालले. सान कार्लो हे नेपल्सचे सुप्रसिद्ध संगीत नाटकगृह. तेथे त्याला संगीतिकांची पद्ये लिहिण्याचे काम मिळाले. ते त्याला फारसे मानवले नाही. गवयांच्या आणि नटींच्या मर्जीप्रमाणे ओळी कापाव्या लागत, वाढवाव्या लागत. आपल्याकडे संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात ज्यांनी पदे रचली त्यांना या दुःखाची कल्पना असेल. नंतर तो नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात प्राचीन शिल्पांच्या विभागावर अधिकारी झाला. पाम्पेई आणि हर्क्युलेनियम येथील उत्खननांत निघालेल्या मूर्ती याच संग्रहालयात ठेवलेल्या होत्या.

पण शहरात त्याचे नाव झाले ते शीघ्रकवी म्हणून. इटलीत ही एक मोठी मान्यता पावलेली कला होती. सभेतील कोणीही विषय द्यावा आणि कवीने उभ्या उभ्या, अनेकदा वाद्याच्या साथीवर, त्या विषयावर छंदोबद्ध रचना म्हणावी. रोसेत्तीचा आवाज उत्तम, यमकांचा साठा अक्षय आणि वृत्ती उसळणारी. अशा माणसाने राजकारणापासून दूर राहावे हे शक्य नव्हते. १८१५ मध्ये बोर्बन राजा फर्डिनांड परत आला तेव्हा दक्षिण इटलीत कार्बोनारी नावाची गुप्त मंडळे पसरली होती. कार्बोनारी म्हणजे कोळसे पाडणारे. त्यांच्या खुणा, परवलीचे शब्द आणि दीक्षाविधी या धंद्याच्या परिभाषेतच गुंफलेले असत, आणि राजाकडून राज्यघटना मिळवावी हा त्यांचा हेतू होता. रोसेत्तीही या मंडळांत सामील झाला. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

जुलै १८२० मध्ये सैन्याच्या काही तुकड्यांनीच उठाव केला. राजा घाबरला आणि स्पेनच्या धर्तीची घटना देण्यास कबूल झाला. बायबलवर हात ठेवून त्याने तिची शपथही घेतली. नेपल्समध्ये आनंदाला पारावार राहिला नाही. त्या दिवसांत रोसेत्तीने स्वातंत्र्याच्या उषेला उद्देशून रचलेले स्तोत्र लोकांच्या तोंडी झाले. परंतु शपथ घेणाऱ्या राजाच्या मनात काही वेगळेच होते. १८२१ च्या आरंभी तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाला भेटावयास लायबाखच्या परिषदेला गेला, तेथे त्याने दिलेला शब्द फिरवला, आणि मार्च महिन्यात ऑस्ट्रियन फौजा नेपल्समध्ये शिरल्या. घटना संपली. आता हिशेब चुकते व्हावयाचे होते. ज्या कवीच्या ओळी सगळ्या शहराला पाठ, त्याला माफी मिळणार नव्हती. शिवाय आपल्या एका रचनेत, जुलमी राज्यकर्त्यांना मारणारे हात अद्याप जगातून नाहीसे झालेले नाहीत, असा इशारा त्याने दिला होता. राजे लोक असल्या ओळी विसरत नसतात.

सुमारे तीन महिने रोसेत्ती शहरात दडून राहिला. त्याची सुटका झाली ती एका बाईच्या काव्यप्रेमामुळे. नेपल्सच्या बंदरात ब्रिटिश आरमाराचा तळ होता आणि सर ग्रॅहम मूर हे त्याचे अॅडमिरल होते. त्यांच्या पत्नीला रोसेत्तीची कविता आवडे. तिच्या आग्रहावरून रोसेत्तीला ब्रिटिश अधिकाऱ्याचा पोशाख चढवून, गाडीत बसवून बंदरावर नेण्यात आले व तेथून जहाजाने माल्टा बेटावर पोहोचवण्यात आले. आपला देश त्याने पुन्हा पाहिला नाही. तेव्हा त्याचे वय अडतीस होते.

माल्टा बेटावर तो अडीच-तीन वर्षे राहिला, शिकवण्या करू लागला, शीघ्रकाव्याचे कार्यक्रम करू लागला. तेथे त्याला एक थोर मित्र लाभला. जॉन हुकम फ्रीअर हा इंग्रज मुत्सद्दी आणि कवी निवृत्त होऊन माल्टाला येऊन राहिला होता. ग्रीक नाटककार अॅरिस्टोफेनिसची त्याने केलेली भाषांतरे आजही नावाजली जातात. या फ्रीअरने रोसेत्तीला पुढे आयुष्यभर साहाय्य केले. वेळोवेळी पैसे पाठवले, पुस्तकांना आधार दिला, आणि प्रसंगी कानही उपटले. फ्रीअर हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. साताऱ्यास रेसिडेंट असलेले आणि पुढे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रीअर हे या जॉन फ्रीअरचे पुतणे. दख्खनच्या लोककथांचे इंग्रजी पुस्तक १८६८ मध्ये प्रसिद्ध करणारी मेरी फ्रीअर ही त्या गव्हर्नरांची कन्या. एकाच घराण्याच्या एका पुरुषाने इटलीच्या परागंदा कवीला जगवावे आणि दुसऱ्या शाखेतील मुलीने आपल्याकडील कहाण्या जगाला ऐकवाव्या, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

माल्टामध्येही नेपल्सच्या सरकारचे हेर होतेच. १८२४ मध्ये रोसेत्तीने ते बेट सोडले आणि तो लंडनला आला. लंडन त्या काळी परागंदांचे आश्रयस्थान झाले होते. उगो फॉस्कोलो हा इटलीचा फार मोठा कवी तेथेच कर्जाने आणि आजाराने जेरीस आला होता; १८२७ मध्ये तो तेथेच वारला. अँटोनिओ पॅनिझी नावाचा दुसरा एक परागंदा वकील लंडन विद्यापीठात १८२८ मध्ये इटालियनचा पहिला प्राध्यापक झाला, आणि पुढे ब्रिटिश म्युझियमच्या प्रचंड ग्रंथालयाचा प्रमुख होऊन सरदारकीला पोहोचला. रोसेत्तीचे भाग्य या दोघांच्या मधले. त्याला १८३१ मध्ये किंग्ज कॉलेजात इटालियनचे अध्यासन मिळाले. त्या कॉलेजात प्राध्यापक अँग्लिकन पंथाचाच असला पाहिजे असा नियम होता. अर्वाचीन भाषांच्या शिक्षकांना मात्र त्यातून सूट होती. प्राध्यापक ही पदवी भारदस्त खरी, पण उत्पन्न विद्यार्थ्यांच्या फीवर अवलंबून, आणि इटालियन शिकणारे विद्यार्थी थोडे. खरा चरितार्थ चाले तो घरोघर जाऊन केलेल्या शिकवण्यांवर. लंडनच्या थंडीधुक्यात या घरातून त्या घरी हिंडून, श्रीमंतांच्या मुलींना इटालियन क्रियापदे चालवून दाखवणारा हा शीघ्रकवी डोळ्यांपुढे आणला म्हणजे माझ्यासारख्या शिक्षकाला त्याची फार जवळीक वाटते.

त्यापूर्वी, १८२६ मध्ये, त्याने लग्न केले होते. वधू फ्रान्सिस पोलिदोरी ही त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान. तिचा बाप गाएतानो पोलिदोरी हा टस्कनीचा, नाटककार आल्फिएरीचा एके काळचा लेखनिक. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर तो लंडनला येऊन भाषाशिक्षक झाला होता. आई इंग्रज. भाऊ जॉन पोलिदोरी हा लॉर्ड बायरनचा डॉक्टर आणि ‘व्हँपायर’ या भयकथेचा लेखक. म्हणजे फ्रान्सिसला दोन्ही भाषा सारख्याच मायेच्या होत्या. ती लग्नापूर्वी खाजगी शिक्षिका होती. पतीही बुद्धिमान असावा आणि मुलेही बुद्धिमान निघावीत अशी तिची इच्छा होती. ती पुरेपूर फळल्यावर उतारवयात ती म्हणे की, आता या कुटुंबात बुद्धी थोडी कमी असून व्यवहारज्ञान थोडे अधिक असते तर बरे झाले असते! मारिया, गेब्रिअल, विल्यम आणि क्रिस्टिना ही चार मुले १८२७ पासून १८३० पर्यंत चार वर्षांत झाली.

शार्लट स्ट्रीटवरील ते लहानसे घर संध्याकाळी एक अजब धर्मशाळा बनत असे. इटलीहून पळून आलेला कोणीही तेथे यावा. सरदार, सैनिक, पंडित, प्लॅस्टरचे पुतळे विकणारा, सगळ्यांना शेगडीभोवती जागा होती. पाहुणचार चहा आणि लोणी लावलेल्या पावाचा. त्याहून अधिक ऐपत नव्हती. मोठमोठ्याने वाद चालत, कविता म्हटल्या जात, आणि मेटर्निख व लुई फिलिप यांच्या नावाने बोटे मोडली जात. त्याच खोलीत चारही मुले खेळत, चित्रे काढीत, ऐकत बसत. बाप त्यांच्याशी इटालियनमध्ये बोले, आई इंग्रजीत. इंदूर-बडोद्याच्या किंवा बेळगाव-हैदराबादच्या मराठी घरांत जे वाढले त्यांना या घराचा आतला भाग वेगळा समजावून सांगावयास नको.

आता त्याच्या पांडित्याकडे वळू. रोसेत्तीच्या आयुष्याचा ध्यास दान्ते हा होता. दान्तेलाही १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार करण्यात आले होते आणि तो १३२१ मध्ये परक्या गावी, रावेन्नाला मेला. परागंदा कवीने परागंदा कवीला जवळ करावे हे स्वाभाविकच होय. १८२६-२७ मध्ये रोसेत्तीने ‘नरक’ या भागावर दोन खंडांचे विवेचक भाष्य काढले. त्यात त्याने मांडलेला सिद्धान्त असा की, दान्ते आणि त्याच्या आगेमागे झालेले प्रेमकवी हे केवळ प्रेमकवी नव्हते. पोपच्या सत्तेला विरोध करणारा एक गुप्त पंथ त्या काळी होता, त्याचे हे सभासद. धर्मन्यायालयाच्या भीतीने ते सांकेतिक भाषेत लिहीत. ‘प्रेम’ म्हणजे पंथनिष्ठा, ‘मृत्यू’ म्हणजे पोपचा पक्ष, आणि जिच्यासाठी दान्तेने जन्मभर कविता लिहिली ती बिआत्रिस ही हाडामांसाची मुलगी नसून एक प्रतीक! १८३२ च्या ग्रंथात ही कल्पना त्याने आणखी ताणली. टेंपलर सरदार, फ्रीमेसन, पाखंडी ठरवले गेलेले मध्ययुगीन पंथ, सारे एका धाग्यात ओवले गेले.

यात सत्याचा अंश मुळीच नाही असे नाही. दान्तेने खरोखरच काही पोपांना नरकात घातले आहे, आणि धर्मसत्तेने राज्यसत्ता हाती धरू नये असे त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहून उघड प्रतिपादले आहे. पण हाच रोसेत्तीच्या सिद्धान्तातील मोठा छेद आहे. जो माणूस पोपांची नावे घेऊन त्यांना नरकात लोटतो त्याला कोणत्या सांकेतिक भाषेची गरज? आपल्याकडे महानुभावांनी सकळा लिपी वापरली आणि पोथ्या परक्यांपासून शतकानुशतके दडवून ठेवल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली तेव्हा गूढ होते आणि किल्लीही होती. रोसेत्तीपाशी किल्ल्यांचा जुडगा होता, कुलूप मात्र त्याने कल्पनेने बसवले होते. त्याचे कारण मला असे दिसते की, त्याची तारुण्याची वर्षे कार्बोनारी मंडळांत गेली. जेथे ‘कोळसा’ या शब्दाचा अर्थ कोळसा नसतो, अशा बैठकांत बसलेल्या माणसाला पुढे पाचशे वर्षांपूर्वीच्या कवितेतही परवलीचे शब्द दिसू लागले. कॅथलिक वाचकाला त्याच्या लिखाणातील पोपविरोधाची धार बोचते, पण तीही त्या काळाच्या संदर्भात पाहिली पाहिजे. १८७० पर्यंत पोप हे मध्य इटलीच्या भूमीचे राजेही होते, आणि त्यांच्या फौजा, तुरुंग व गुप्त पोलीस हे रोसेत्तीच्या मित्रांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. त्याची श्रद्धा मात्र कधी आटली नाही. त्याच्या उत्तरायुष्यातील काव्यसंग्रह मुख्यतः भक्तिपर आहेत.

विद्वानांनी त्याला सोडले नाही. टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम याने अवघ्या एकविसाव्या वर्षी, १८३२ मध्ये, रोसेत्तीच्या ग्रंथाला उत्तर देणारी पुस्तिका लिहिली. जर्मन पंडित श्लेगेलने १८३६ मध्ये त्याच्यावर कडक टीका केली. कोलरिजचा स्नेह होता, पण सिद्धान्त त्यालाही पटला नाही. तरी रोसेत्ती मागे हटला नाही. पहाटे उठावे, जुनी पुस्तके उघडावीत, दुपारी शिकवण्या कराव्यात, रात्री पुन्हा टिपणे घ्यावीत, असे चालले होते. १८४० मध्ये त्याचा पाच खंडांचा प्रचंड ग्रंथ छापून तयार झाला. स्कॉटलंडचा चार्ल्स लायल हा त्याचा दुसरा आश्रयदाता; तो भूगर्भशास्त्रज्ञ लायलचा पिता आणि दान्तेच्या कवितांचा भाषांतरकार. त्याला आणि फ्रीअरला हा ग्रंथ वाचून धास्ती वाटली. यातील प्रतिपादन ख्रिस्ती धर्माच्या मुळालाच धक्का लावील, किंग्ज कॉलेजातील जागा जाईल, असे त्यांनी कळवले. ज्यांच्या पैशावर पुस्तके छापली त्यांचे ऐकणे भाग होते. पाच खंड छापून झालेला ग्रंथ विक्रीला आलाच नाही. आयुष्याची दहा वर्षे ज्यात घातली ते काम घरात गठ्ठे बांधून ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने एखादे बाड लिहिले आहे त्यालाच समजेल. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने शिल्लक प्रती जाळून टाकल्या.

१८४३ च्या सुमारास आजाराने त्याला गाठले. एका डोळ्याची दृष्टी गेली, दुसरीही मंदावली. शिकवण्या सुटल्या, १८४७ मध्ये प्राध्यापकपद त्याने सोडले. मग घराचा भार उचलला तो फ्रान्सिसने. ती पुन्हा शिकवू लागली. मोठी मुलगी मारिया परक्या घरी शिक्षिका म्हणून गेली. धाकटा विल्यम पंधराव्या वर्षी अबकारी खात्यात कारकून झाला आणि जवळजवळ पन्नास वर्षे तेथेच राहिला. त्याच्या पगारावर घर उभे होते म्हणून थोरल्या भावाला चित्रकार होता आले. विल्यमचे हे ऋण साहित्याच्या इतिहासात पुरेसे नोंदलेले नाही असे मला वाटते. फ्रान्सिसने लंडनमध्ये आणि नंतर फ्रोम या गावी लहानशा शाळाही काढून पाहिल्या. त्या चालल्या नाहीत.

१८४८ मध्ये एकदा आशेचा किरण दिसला. नेपल्सच्या राजाने पुन्हा घटना दिली, इटलीभर उठाव झाले. पासष्ट वर्षांच्या, अर्धवट आंधळ्या कवीला घरी परतण्याची स्वप्ने पडू लागली. वर्षभरात सगळे मोडले. एप्रिल १८५४ मध्ये तो लंडनलाच वारला. हायगेटच्या स्मशानभूमीत त्याचे दफन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी गॅरिबाल्डी नेपल्समध्ये शिरला. आज वास्तोच्या मुख्य चौकाला रोसेत्तीचे नाव आहे आणि तेथे त्याचा पुतळाही आहे.

मुलांचे काय झाले? थोरल्या मुलाचे बारशाचे नाव गेब्रिअल चार्ल्स दान्ते, यातील चार्ल्स हे लायलवरून ठेवलेले. लहानपणी त्याला घरातील ते जाडजूड ग्रंथ आणि त्यांतला दान्ते नकोसा वाटे. मोठेपणी मात्र त्याने आपल्या नावातील दान्ते उचलून सर्वांत पुढे ठेवला, आणि १८६१ मध्ये जुन्या इटालियन कवींची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. त्या पुस्तकात बिआत्रिस ही एका तरुणाने पाहिलेली, त्याला भेटलेली आणि अकाली मेलेली खरीखुरी मुलगी आहे. तिची चित्रे तो जन्मभर रंगवीत राहिला. बापाने जिला प्रतीक ठरवले तिला मुलाने पुन्हा चेहरा दिला, आणि तरी प्रस्तावनेत बापाच्या अभ्यासाचा आदराने उल्लेख केला. मारियाने १८७१ मध्ये दान्तेच्या महाकाव्याचा परिचय करून देणारे सुबोध पुस्तक लिहिले. त्यात गुप्त पंथ नाही, परवलीचे शब्द नाहीत. क्रिस्टिनाने आपल्या मनातील सर्वांत खाजगी अशा काही प्रेमकविता इंग्रजीत न लिहिता इटालियनमध्ये लिहिल्या आणि त्या मेजाच्या खणात ठेवून दिल्या. तिच्या मृत्यूनंतर त्या सापडल्या. विल्यमने ‘नरक’ खंडाचे निर्यमक पद्यात इंग्रजी भाषांतर केले. तोच सर्वांत शेवटपर्यंत जगला. वृद्धपणी बापाने आपले आत्मचरित्र इटालियन पद्यात लिहून ठेवले होते. कुटुंबातील नातवंडांना आणि इंग्रज वाचकांना ते वाचता यावे म्हणून १९०१ मध्ये, स्वतः बहात्तरीला आलेल्या विल्यमने ते ओळीमागून ओळ इंग्रजीत उतरवून छापले.